ॲप जमत नाही, तर चूक कोणाची? एचसीआय संशोधनाची ओळख, चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांसाठी

शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरताना जन्मतारखेच्या चौकटीवर बोट ठेवलं की एक छोटं कॅलेंडर उघडतं. त्यात चालू महिना दिसतो. तुमचा जन्म २००५ चा असेल तर मागचा बाण दाबत दाबत वीस वर्षं मागे जायचं. वर्षाच्या आकड्यावर टॅप केलं तर वर्षांची यादी उघडते, पण हे स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नसतं. तेवढ्यात ओटीपीची वेळ संपते, नेटवर्क जातं आणि भरलेलं पान कोरं होतं. शेवटी आपण सेतू केंद्रात जातो, पैसे देतो आणि तोच फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेतो.

घरी येऊन म्हणतो काय? "मला मोबाईलचं एवढं जमत नाही."

या वाक्याला उलटा प्रश्न विचारणारी एक अख्खी ज्ञानशाखा आहे. शंभर माणसं एकाच जागी अडकत असतील तर ती जागाच चुकीची बांधलीय का, हे ती तपासते. तिचं नाव एचसीआय. यात मास्टर्स करता येतं, पीएचडी करता येते. आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मुलामुलींकडे या विषयासाठी लागणारी एक गोष्ट आधीच आहे, जी मोठ्या शहरातल्या विद्यार्थ्याला मुद्दाम प्रवास करून मिळवावी लागते. ती कोणती, ते पुढे बघू.

एचसीआय म्हणजे नेमकं काय?

एचसीआय म्हणजे ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन. मराठीत मानव-संगणक आंतरक्रिया. संगणक म्हटल्यावर फक्त टेबलावरचा पीसी डोळ्यासमोर आणू नका. तुमचा फोन, एटीएम, रेशन दुकानातलं अंगठा घेणारं मशीन, बँकेचा 'एक दाबा, दोन दाबा' सांगणारा आवाज, हे सगळं त्यात येतं. माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये जी देवाणघेवाण होते, तिचा हा अभ्यास.

सुरुवात संगणकाच्याही आधीच्या प्रश्नांपासून झाली. १९५४ साली पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मोजून दाखवलं की एखाद्या ठिकाणी हात नेऊन टेकवायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो: ते ठिकाण किती लांब आहे आणि किती मोठं आहे. लांबचं आणि बारीक असेल तर वेळ जास्त, चुकाही जास्त. आज पैसे पाठवायच्या ॲपमधलं मुख्य बटण स्क्रीनच्या खालच्या बाजूला, अंगठ्याजवळ आणि ऐसपैस का असतं, याचं एक उत्तर या नियमात आहे. १९६८ साली डग्लस एंगलबर्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस जाहीरपणे वापरून दाखवला. १९८२ पासून या विषयाची 'सीएचआय' ही आंतरराष्ट्रीय परिषद भरू लागली. भारतात 'इंडिया एचसीआय' ही परिषद २००४ पासून आहे.

या शाखेला तीन आईबाप आहेत: संगणकशास्त्र, मानसशास्त्र आणि डिझाइन. नंतर समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्रही घरात आले, कारण माणूस फोन एकटा वापरत नाही. घरात एकच फोन असतो, तो दिवसा भावाकडे असतो, रिचार्ज संपलेला असतो. हे सगळं गृहीत न धरता केलेलं डिझाइन कागदावर छान दिसतं आणि गावात पडून राहतं.

गडचिरोलीतला मण्यांचा धडा

एचसीआयचं मर्म समजायला लांब जायची गरज नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. लहान मुलांच्या मृत्यूंमागे न्यूमोनिया हे मोठं कारण होतं. दवाखाना दूर, डॉक्टर नाही. गावात होती ती दाई.

न्यूमोनिया ओळखायची एक सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा त्याहून मोठं तान्हं बाळ ५० किंवा जास्त, तर धोका समजायचा. आता अडचण बघा. अनेक दायांना दहापर्यंत मोजता यायचं, ५०-६० पर्यंत नाही. घड्याळ वाचता येत नव्हतं. शिवाय बाळाच्या पोटाकडे बघायचं की घड्याळाकडे?

यावर उत्तर म्हणून तयार झाला 'ब्रेथ काउंटर'. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी, पाटीच्या मण्यांसारखे. घटिका उलटी करायची, बाळाचे श्वास मोजायचे, दहा झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. लहान बाळासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर तो न्यूमोनियाचा इशारा. या साधनावरचा बंग दांपत्याचा लेख १९९२ साली बालरोगशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात आला. त्याआधी १९९० मध्ये, गावपातळीवर न्यूमोनिया ओळखून औषध दिल्याने बालमृत्यू कमी होतात, हे दाखवणारा त्यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. ते यश प्रशिक्षण, औषधं आणि नियमित देखरेख या सगळ्याचं मिळून होतं. एका साधनाला सगळं श्रेय देता येणार नाही.

यात संगणक कुठेही नाही. तरी एचसीआयच्या वर्गात शिकवावं असं सगळं यात आहे. वापरणाऱ्या माणसाला काय येतं, तिथून सुरुवात केली. दहापर्यंत मोजता येतं ना, मग दहाच मोजा. किती दहा झाले ते लक्षात ठेवायचं काम डोक्यातून काढून मण्यांना दिलं. वेळ वाचायचं काम वाळूला दिलं. नजर बाळावर राहिली, हात मण्यांवर. आणि शेवटी आकड्याचा अर्थ लावत बसायची गरज नाही, रंगच उत्तर सांगतो. 'आधी दायांना शंभरपर्यंत अंक शिकवू, मग बघू' असं कोणी म्हणालं असतं तर तोवर किती हिवाळे गेले असते?

मराठी टाईप करणं हाही संशोधनाचा विषय

आता फोनकडे येऊ. इंग्रजीला २६ अक्षरं, ती स्क्रीनवर सहज मावतात. मराठीत स्वर, व्यंजनं, काना-मात्रा-वेलांट्या आणि वर जोडाक्षरं. 'राष्ट्रीय' लिहायला बोट किती वेळा कुठे न्यायचं? संगणकासाठी इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड १९८६ पासून आहे, पण छोट्या टचस्क्रीनवर तो शोधत बसावं लागतं.

मुंबईच्या आयआयटीत आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन हा विभाग आहे. १९६९ मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर म्हणून तो सुरू झाला. तिथले प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवनागरी टायपिंगवर अनेक वर्षं काम केलं. त्यातून आलेला 'स्वरचक्र' कीबोर्ड तुमच्यापैकी काहींनी वापरला असेल. 'क' वर बोट टेकवलं की भोवती एक चक्र उघडतं आणि त्यात का, कि, की, कु असे पर्याय दिसतात. बोट न उचलता हव्या त्या दिशेला सरकवायचं. यामागची कल्पना साधी आहे: पहिलीत शिकलेली बाराखडी प्रत्येकाच्या डोक्यात असते, तीच बोटाखाली आणायची.

पण कल्पना छान आहे म्हणून संशोधन होत नाही. ती तपासावी लागते. वेगवेगळे कीबोर्ड लोकांच्या हातात द्यायचे, तेच शब्द टाईप करायला सांगायचे, मिनिटाला किती शब्द होतात आणि चुका किती होतात ते मोजायचं. एकदा मोजून भागत नाही. पहिल्या दिवशी सोपा वाटणारा कीबोर्ड आठवड्यानंतर हळू ठरू शकतो, आणि सुरुवातीला किचकट वाटलेला पुढे जाऊ शकतो. म्हणून पुन्हा पुन्हा बसवून शिकण्याचा वेग बघतात. असं मोजमाप, त्याची आकडेवारी आणि त्यातून निघालेला निष्कर्ष मिळून शोधनिबंध होतो.

तुम्ही मित्राला 'मी येतो' हे इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवता ना? तेही याच अभ्यासाच्या कक्षेत येतं. मराठी कीबोर्ड असूनही रोमन का वापरावंसं वाटतं? वेग, सवय, की फोन घेतला तेव्हा कोणी सेटिंग दाखवलंच नाही म्हणून? उत्तर अंदाजाने देता येत नाही, विचारून आणि बघून द्यावं लागतं.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय?

या प्रश्नावर जगभर ओळखलं जाणारं काम करणाऱ्या संशोधकांपैकी एक आहेत इंद्राणी मेधी थीस. त्यांचं पहिलं शिक्षण आर्किटेक्चरचं, तेही नागपूरच्या व्हीएनआयटीत. नंतर अमेरिकेत डिझाइनचं मास्टर्स आणि आयडीसीतून पीएचडी. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये असताना त्यांनी कमी शिकलेल्या लोकांसोबत, उदाहरणार्थ घरकाम करणाऱ्या बायकांसोबत, अक्षरांशिवाय चालणारे इंटरफेस तयार केले. चित्र आणि आवाज यांच्यावर चालणारे. यातून एक गोष्ट पुढे आली: नुसती अक्षरं काढून चित्रं टाकली की काम होत नाही. चित्र कसलं, किती तपशिलाचं, त्याचा अर्थ त्या भागात काय घेतला जातो, हे सगळं लोकांसोबत बसून ठरवावं लागतं. मेनूच्या आत मेनू आणि त्याच्या आत आणखी मेनू ही रचनाही न वाचणाऱ्याला जड जाते. आर्किटेक्चर शिकलेली व्यक्ती इथे कशी आली, असं वाटेल. माणूस इमारतीत वाट कशी शोधतो आणि ॲपमध्ये कशी शोधतो, हे प्रश्न एकमेकांचे शेजारी आहेत.

दुसरं उदाहरण शेजारच्या छत्तीसगडचं. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये 'सीजीनेट स्वरा' सुरू झालं. साध्या फोनवरून एका नंबरवर कॉल करायचा, एक दाबून आपली बातमी किंवा तक्रार स्वतःच्या भाषेत बोलायची, दोन दाबून इतरांची ऐकायची. वाचता येणं, इंटरनेट, स्मार्टफोन, कशाचीच गरज नाही. पुढे मिस्ड कॉल दिला की तिकडून फोन यायचा, म्हणजे बोलणाऱ्याचे पैसेही वाचायचे. गोंडी बोलणाऱ्यांचा आवाज त्यात आला. या व्यवस्थेवर संशोधकांनी शोधनिबंध लिहिले आहेत.

तिसरं उदाहरण मराठीचंच. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातल्या 'कार्या' या प्रकल्पाने विचारलं: ग्रामीण माणूस स्वस्त स्मार्टफोनवर डिजिटल काम करून पैसे मिळवू शकेल का? २०१९ च्या सीएचआय परिषदेत त्यांनी मांडलं की ग्रामीण भागातल्या सहभागींनी हाताने लिहिलेले मराठी-हिंदी शब्द फोनवर टाईप करताना ९६.७ टक्के अचूकता गाठली. २०२० च्या अभ्यासात ३६ जणांकडून १०९ तास मराठी बोलणं रेकॉर्ड केलं. त्यात खेड्यातले आणि शहरातले कमी उत्पन्नाचे लोक होते आणि विद्यापीठातले विद्यार्थीही. गरीब सहभागींनी दिलेल्या रेकॉर्डिंगचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीचा निघाला. आवाज ओळखणारं यंत्र कोणाच्या बोलण्यावर शिकतं, यावर ते कोणाचं बोलणं समजेल हे ठरतं. ते फक्त पुण्या-मुंबईच्या मराठीवर शिकलं तर झाडीबोलीतला प्रश्न त्याला कसा कळणार?

आपल्या दोन जिल्ह्यांत उरलेले प्रश्न

आता ती सुरुवातीला सांगितलेली गोष्ट. एचसीआयच्या विद्यार्थ्याला 'फील्ड' लागतं, म्हणजे जिथे खरी माणसं खरी अडचण घेऊन राहतात अशी जागा. तुमच्यासाठी ते घराच्या दारापासून सुरू होतं. काही प्रश्न बघा.

भाषा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून अधिक लोक आहेत. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. गुंजाळा हे गाव आपल्या सीमेपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं. २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदिवाणी' हे भाषांतराचं साधन आणलं, त्यात संथाली, भिली, मुंडारी यांच्यासोबत गोंडी आहे. पण एका जिल्ह्यातली गोंडी दुसऱ्या जिल्ह्यातल्यासारखी नसते, आणि भामरागडच्या माडिया आजीला कोणती गोंडी कळेल? सिरोंच्याला तेलुगू आहे, मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली आहे. एकाच दवाखान्यात चार भाषा येतात. आशाताईंचं ॲप एका भाषेत.

जंगल. वनरक्षक गस्तीची नोंद 'एम-स्ट्राइप्स' या प्रणालीत करतात. ती २०१० पासून देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत आली. पावसात, हातमोजे घालून, नेटवर्क नसताना अशी नोंद कशी होते? कोणती माहिती टाकायची राहून जाते आणि का?

वाघ. या प्रश्नाचा थोडा हिशोब मांडू, म्हणजे संशोधन कसं चालतं ते कळेल.

समजा, तुम्हाला ताडोबाच्या बाजूच्या गावासाठी वाघाची सूचना देणारी व्यवस्था करायची आहे. पहिला विचार येतो ॲपचा: कॅमेऱ्याला वाघ दिसला की फोनवर नोटिफिकेशन. आता गावात जाऊन बसा. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता. दोन्ही हात कामात, नजर जमिनीवर. फोन घरी, किंवा पिशवीत सायलेंट, किंवा रेंजबाहेर. म्हणजे ज्या माणसाला सूचना हवी, तिच्यापर्यंत ती पोचतच नाही. जो घरात बसलाय त्याच्या फोनवर मात्र ती वाजते.

मग दुसरे मार्ग: गावात भोंगा, जंगलाच्या वाटेवर दिवा, पोलीस पाटलाला किंवा गावच्या प्राथमिक प्रतिसाद दलाला फोन, किंवा आदल्या रात्रीच ठरलेल्या घरांना आवाजी संदेश. प्रत्येकाचं छोटं नमुनारूप करायचं आणि लोकांसोबत वापरून बघायचं. काय मोजायचं? किती जणांना ऐकू गेलं, किती जणांना अर्थ कळला, आणि त्यातल्या किती जणांनी खरंच काही वेगळं केलं. या तीन आकड्यांत मोठा फरक असू शकतो.

शिवाय एक कोडं. यंत्र जास्त संवेदनशील ठेवलं तर ते कुत्र्याला, रानडुकरालाही वाघ म्हणेल. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे; चार वेळा खोटा भोंगा वाजला की पाचव्यांदा कोणी उठत नाही. संवेदनशीलता कमी केली तर खराच वाघ सुटू शकतो. दोन्हीपैकी कोणती चूक किती चालेल, हे इंजिनिअर एकटा ठरवू शकत नाही. ज्यांचा जीव जातो त्या गावाने ते ठरवायला हवं. इथे एचसीआय संपून लोकशाही सुरू होते असं वाटेल, पण हाही याच अभ्यासाचा भाग आहे. १९७० च्या दशकात नॉर्वेत क्रिस्टन नायगार्ड यांनी कामगार संघटनेसोबत बसून, कारखान्यात येणाऱ्या संगणकांबद्दल कामगारांनाही बोलता यावं म्हणून काम केलं, आणि त्यातून 'सहभागी डिझाइन' ही वाट निघाली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात अभ्यास गट आणि सर्वसहमतीने निर्णय ही पद्धत अनेक वर्षं चालत आली आहे. सहभागी डिझाइन शिकायला पुस्तकाइतकंच तिथलं बसणंही उपयोगी पडेल.

शिकायचं कुठे, कसं?

मुख्य वाटा तीन.

पहिली, एम.डेस. दोन वर्षांचा डिझाइनचा मास्टर्स. प्रवेशासाठी 'सीड' ही परीक्षा, जी मुंबई आयआयटी घेते. बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी किंवा पदविका पूर्ण असेल, किंवा शेवटच्या वर्षाला असाल तर ती देता येते. शाखेची अट नाही, वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते. परीक्षा साधारण जानेवारीत असते आणि निकाल एक वर्ष चालतो. पहिला भाग संगणकावर: निरीक्षण, तर्क, आकार ओळखणं. दुसऱ्यात हाताने चित्र काढणं आणि एखादी अडचण ओळखून उपाय मांडणं. त्यापुढे प्रत्येक संस्थेची मुलाखत वगैरे असते, तिथे तुम्ही केलेलं काम दाखवावं लागतं. आयडीसीत 'इंटरॅक्शन डिझाइन' ही स्वतंत्र शाखा आहे. गुवाहाटी आणि हैदराबादच्या आयआयटींतही डिझाइन विभाग आहेत.

दुसरी, संगणकशास्त्रातून. बी.ई. किंवा बी.टेक. करून गेट द्यायची आणि एम.टेक. किंवा संशोधनावर आधारित एम.एस. करताना एचसीआयमध्ये काम करणारे मार्गदर्शक शोधायचे. गेटमधून एम.टेक. करणाऱ्यांना महिन्याला १२,४०० रुपयांची मदत मिळू शकते. आयआयआयटी दिल्लीत मानवकेंद्री डिझाइनचा वेगळा विभाग आहे.

तिसरी, पीएचडी. चार-पाच वर्षं एकाच प्रश्नामागे. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००, शिवाय नियमानुसार घरभाडं. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप दरवर्षी ७५० जणांना मिळते. राज्यात बार्टी, टीआरटीआय, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या गटातल्या संशोधकांसाठी योजना चालवतात. महाज्योती तर नागपूरलाच आहे. अटी आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड न बघता त्या त्या संस्थेची वेबसाइटच बघा.

एक गल्लत टाळा. 'यूएक्स डिझाइनर' ही नोकरी आणि एचसीआय संशोधन हे नातेवाईक आहेत, जुळे भाऊ नाहीत. नोकरीत कंपनीचं ॲप सुधारायचं असतं, मुदत आठवड्यांची असते. संशोधनात अशी गोष्ट शोधायची असते जी इतरांनाही दुसऱ्या ठिकाणी वापरता येईल, आणि ती पुराव्याने सिद्ध करायची असते. मास्टर्स करून दोन्हीकडे जाता येतं. पदवी मिळाली की नोकरी पक्की, असं मात्र कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. इंग्रजीचा अडथळाही खरा आहे: परीक्षा, पुस्तकं, शोधनिबंध सगळं त्याच भाषेत. त्यावर वर्षभर मेहनत घेतली तर मात होते. पण गोंडी-माडियात तासभर गप्पा मारून माणसाला बोलतं करणं, हे वर्षभराच्या क्लासने येत नाही. ते ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्याची किंमत कमी लेखू नये.

आजच करता येईल असा छोटा अभ्यास

परवानगीची वाट बघायला नको, लॅब नको. एक ॲप निवडा, उदाहरणार्थ एसटी किंवा रेल्वेचं तिकीट, वीजबिल, किंवा हवामान. एक काम ठरवा: 'उद्याचा पाऊस बघा'. मग पाच माणसं निवडा.

पाचच का? जेकब नील्सन यांचा एक प्रसिद्ध हिशोब आहे: एका माणसासोबत सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. हा आकडा सगळीकडे लागू नाही, पण सुरुवातीला पुरतो. शाळेतली मुलं आणि आजीआजोबा हे दोन वेगळे गट असतील तर दोन्हीकडचे पाच-पाच घ्या.

काम सांगा आणि गप्प बसा. हाच सगळ्यात कठीण भाग आहे. ते अडकले की आपलं बोट आपोआप स्क्रीनकडे जातं, ते आवरा. त्यांना फक्त एवढं म्हणा, "मनात काय चाललंय ते बोलत राहा." कुठे थांबले, कुठे चुकीचं दाबलं, किती वेळ लागला, कुठे हार मानली, हे वहीत लिहा. "चूक तुमची नाही, आपण ॲपची परीक्षा घेतोय" हे सुरुवातीलाच सांगा.

आणि काही नियम कडक पाळा. आधी विचारा, नको म्हणाले तर नाही. न विचारता व्हिडिओ काढायचा नाही. ओटीपी, आधार, बँकेची स्क्रीन लिहून किंवा फोटो काढून घ्यायची नाही. विद्यापीठांत यासाठी नैतिकता समिती असते आणि तिच्या मंजुरीशिवाय माणसांसोबतचा अभ्यास सुरू होत नाही. त्यामागे कारण आहे. जंगलातल्या गावांनी खूप संशोधक बघितलेत: येतात, प्रश्न विचारतात, फोटो काढतात, जातात, पुन्हा दिसत नाहीत. तुम्ही काय शोधलं ते परत येऊन सांगा, शक्यतो ग्रामसभेत, त्यांच्याच भाषेत.

शेवटी दोन पानं लिहा: प्रश्न काय होता, कोणासोबत बसलात, काय दिसलं, स्क्रीनवर काय बदलावं, आणि बदललेल्या स्क्रीनचं कागदावर काढलेलं चित्र. मग तो कागद घेऊन पुन्हा त्याच लोकांकडे जा आणि कागदावरच्या बटणावर बोट ठेवून काम करायला सांगा. ही दोन पानं म्हणजे तुमच्या पोर्टफोलिओतलं पहिलं काम. सीडच्या पुढच्या मुलाखतीत 'मला डिझाइनची आवड आहे' या वाक्यापेक्षा ती जास्त बोलतील.

सोबत थोडा अभ्यास हवा असेल तर एनपीटीईएलवर गुवाहाटी आयआयटीचे समित भट्टाचार्य यांचा 'युझर-सेंट्रिक कॉम्प्युटिंग फॉर ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन' हा कोर्स मोफत बघता येतो. डॉन नॉर्मन यांचं 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' हे १९८८ चं पुस्तक अजूनही या विषयाचं पहिलं पुस्तक म्हणून सुचवलं जातं. दरवाजा ओढायचा की ढकलायचा इथपासून ते सुरू होतं.

वाघाच्या सूचनेची, आशाताईंच्या नोंदीची, ग्रामसभेच्या बांबू-तेंदूच्या हिशोबाची ॲप येत्या काही वर्षांत येतच राहणार आहेत. ती बनवणाऱ्या टेबलाभोवती मोहफुलांच्या दिवसांत पहाटे किती वाजता उठावं लागतं हे माहीत असलेलं कोणी असेल की नाही, एवढाच प्रश्न आहे. रविवारी पाच माणसं आणि एक वही, इथून सुरुवात करा. काय सापडलं ते खाली कमेंटमध्ये जरूर लिहा.